होल्डवर ठेवलेला समुद्र

समुद्रावर जायचं म्हणजे बॅग भरायची आणि निघायचं, अशी माझी अडाणी समजूत होती. समुद्र आधी तपासून घ्यायचा असतो, हे मला डोंबिवलीत आल्यावर कळलं. हे ज्ञान देणारे गुरू म्हणजे आमचे घरमालक. त्यांना आम्ही काका म्हणायचो आणि ते आम्हाला 'तिसरा मजला' म्हणायचे. मला वेगळं नाव नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नव्हतं. जिन्यात गाठ पडली की, "काय तिसरा मजला, आज उशीर?" एवढंच. ते आणि काकू पहिल्या मजल्यावर राहायचे आणि तिसऱ्यावरचा त्यांचा दुसरा फ्लॅट त्यांनी भाड्यानं दिलेला.

तो फ्लॅट आम्हाला कसा मिळाला ते आधी सांगते, म्हणजे माणूस कळेल. आम्ही तेव्हा दिव्यात राहायचो. टँकर आला की असतील नसतील तेवढी भांडी घेऊन खाली धावायचं, याला दोन वर्षांत विटलेलो. माझं ऑफिस माजिवड्याला, नवऱ्याचं कल्याणला, डोंबिवली दोघांना बरी पडणार होती. घर बघायला म्हणून गेलो, पण बघितलं गेलं आम्हालाच. काकांनी पहिल्या मजल्यावर, स्वतःच्याच घराचं दार नवऱ्याला तीनदा उघडायला आणि लावायला लावलं. मग आत तोंड करून जाहीर केलं, "आपटत नाही." मला बेसिनचा नळ बंद करायला सांगितला आणि मी तो किती पिळलाय हे स्वतः हात लावून बघितलं. मी जरा जास्तच पिळलेला. "वायसर जातो अशानं," म्हणाले. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, भाडेकरू बघताय की सून? चहा तरी घेऊ दे त्यांना." चहा झाला आणि काकांनी निकाल दिला, "होल्डवर ठेवू."

नऊ दिवस आम्ही होल्डवर होतो. दहाव्या दिवशी फोन आला की आमच्या पुढच्या नंबरावर जे जोडपं होतं त्यातल्या नवऱ्यानं जाताना दार आपटलं, तेव्हा तुम्ही या. दार न आपटण्याच्या गुणावर घर मिळतंय म्हटल्यावर कोण कशाला बोलेल? मुकाट्यानं सामान हलवलं.

काका आंबिवलीकडच्या एका पंख्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. पंखा समोर आला की हे तो फिरवणार, कान लावणार, बोटाच्या पेरानं टकटक करणार आणि तीनपैकी एक शिक्का मारणार. पास, रिजेक्ट, नाहीतर होल्ड. तो कारखाना केव्हाच बंद पडला, पण काकांचे शिक्के काही सुटले नाहीत. गंमत म्हणजे त्यांच्या घरात त्या कंपनीचा एकही पंखा नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "मी ते आतून बघितलेत."

कलिंगडावर टकटक सगळेच करतात. काका फ्लॉवरवर करायचे, नारळावर करायचे, दुधाच्या पिशवीवरही करायचे. आम्ही जुनी गाडी घेतली तेव्हा तिच्या बॉनेटवर त्यांनी टकटक केली, थोडा वेळ कान देऊन उभे राहिले आणि काही न बोलता घरात निघून गेले. माझ्या नवऱ्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव घ्यायचा तर आधी एकच घ्यायचे, वडा वेगळा आणि पाव वेगळा करून दोन्हींची तपासणी करायचे, मग म्हणायचे, "हां, आता दोन बांध." तो वडेवाला बिचारा सोशिक होता. "काका, नमुना खाऊन झाला की आवाज द्या," म्हणायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळायचा.

यात कोणाचं फारसं बिघडत नव्हतं. बिघडायचं ते काकूंचं.

काकू मूळच्या जतच्या. त्यांच्या लहानपणी तलावात पाणी आलं की ते बघायला आख्खं गाव जायचं म्हणे. लग्न होऊन डोंबिवलीत आल्या तेव्हा त्यांनी नवऱ्याकडं एकच गोष्ट मागितली. समुद्राच्या काठी दोन रात्री राहायचं, झोपताना लाटांचा आवाज ऐकायचा आणि सकाळी उठून वाळूत चालायचं. मुंबईची चौपाटी त्यांनी पाहिलेली. "तिथं समुद्र कुठं दिसतो? माणसंच दिसतात," हे त्यांचं मत. काका तेव्हा म्हणाले होते, "जाऊ की. पण जागा नीट बघून." त्या 'नीट बघून'ला माझ्या डोळ्यांदेखत चाळीस वर्षं पुरी झाली. आधी रजा नव्हती, मग मुलीची शाळा, मग तिचं लग्न. मुलगी बेंगळुरूला असते, ती कितीदा म्हणायची, आई, चल मी नेते. काकूंचं उत्तर ठरलेलं असायचं, "जाईन तर ह्यांच्याबरोबरच जाईन." आता याला पातिव्रत्य म्हणायचं की हट्ट, मला कधी ठरवता आलं नाही.

काका निवृत्त झाल्यावर तर समुद्र निवडणं ही त्यांची पूर्णवेळ नोकरीच झाली. त्यांची एक लांबट वही होती. तीत अलिबागपासून गुहागरापर्यंत किनारा उतरवलेला. गावागावांतली घरगुती राहण्याची ठिकाणं, मालकांचे फोन नंबर, आणि प्रत्येकासाठी तेच चौसष्ट प्रश्न. हो, चौसष्ट. मी मोजलेत. जेवणं आटोपली की काका फोन लावायचे, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळं आख्ख्या जिन्याची करमणूक व्हायची.

"बाथरूममध्ये बादली कसली?"

"बादली म्हणजे... बादली. प्लॅस्टिकची."

"कडी आहे का धरायला?"

"आहे."

"मजबूत आहे?"

"अहो काका, अजून कोणाच्या हातात आली नाही."

"बरं. घरापासून समुद्र किती पावलं?"

"असेल शंभरेक."

"असेल म्हणजे? मोजून सांगा. मी थांबतो."

आणि तो माणूस खरंच मोजायला जायचा हो! लाइनवर कावळे ओरडायचे, नारळाची झावळी पडल्याचा आवाज यायचा, काका शांतपणे थांबलेले असायचे. चार मिनिटांनी धापा टाकत आवाज यायचा, "एकशे बारा." काका लिहून घ्यायचे आणि विचारायचे, "तुमची उंची किती?"

रिव्ह्यू वाचायला मात्र माझा लॅपटॉप लागायचा. रविवारी दुपारी काका वर यायचे, मी वाचून दाखवायचं. त्यांना फक्त एक चांदणीवाले रिव्ह्यू ऐकायचे असायचे. "पाच देणारे मालकाचे मेव्हणे असतात," असा त्यांचा सिद्धान्त. एका ठिकाणी सगळं छान होतं, पण कोणीतरी लिहिलेलं की पहाटे कोंबडा ओरडतो. काकांनी मालकाला फोन लावला. मालक वैतागून म्हणाला, "काका, तो कोंबडा आता नाही. गेल्या आठवड्यात खाल्ला." काका वहीत पेन टेकवून म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडं मांसाहार होतो." झालं. जागा रिजेक्ट आणि कोंबडा हकनाक गेला.

एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, एकदा जाऊन तर या. नाही आवडलं तर परत या. डोंबिवली कुठं पळून चाललीय?"

त्यांनी वही मिटली. मला वाटलं चिडले, पण नाही. अगदी समजावून सांगावं तसं म्हणाले, "तिसरा मजला, एक ध्यानात ठेव. रिजेक्ट केलेल्या मालाची कधी तक्रार येत नाही. तक्रार येते ती पास केलेल्याची. आणि पासच्या कागदावर सही आपली असते." मग त्यांनी मला एका पंख्याची गोष्ट सांगितली. बत्तीस वर्षांत त्यांनी पास केलेल्या मालाची एकच तक्रार कारखान्यात आलेली, आणि मोठ्या साहेबानं ती सगळ्यांसमोर उभं करून वाचून दाखवलेली. मला वाटलं पंखा कोणाच्या डोक्यावर पडला असेल. तसलं काही नव्हतं. तो कुरकुरत होता. त्या पंख्याचा नंबर काकांना अजून पाठ होता.

यावर हसावं की रडावं? त्या वेळी मी हसले. वर येऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवली, तोही हसला.

मग एका जानेवारीत आम्ही दोघंच केळशीला जाऊन आलो. एका प्रश्नाचीही तयारी न करता, अगदी बेजबाबदारपणे. तिथल्या मालकानं रजिस्टरमध्ये आमचा पत्ता वाचला आणि त्याचा चेहराच बदलला. "डोंबिवली? एक काका आहेत तिकडं. बादलीचे. तुमच्या ओळखीतले?" मी सरळ कानांवर हात ठेवले. म्हटलं, डोंबिवली केवढी मोठी, कोण कोणाला ओळखतं! तो म्हणाला, "आमच्याकडं सगळ्या किनाऱ्याला माहीत आहेत ते. वडिलांनी तर त्यांच्यासाठी पावलं मोजली होती, पुढं गुडघ्याचा त्रास सुरू झाला." विनोदानं म्हणाला असावा.

परत आल्यावर काकांनी आमची दोन तास उलटतपासणी घेतली. गादी कशी, पाणी किती वाजता यायचं, रस्त्यावरचा दिवा खोलीत पडायचा का. आम्ही फक्त 'छान होतं' एवढंच सांगत होतो. त्यांनी मात्र आमच्याच उत्तरांतून सात दोष काढून दाखवले आणि खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं, "मग तुम्हाला मजा आली कशी?" काकू दारात भाजीची परडी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, "वाळू गार असते का गं सकाळी?" मी म्हटलं, असते. त्या बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या, आणि मला पहिल्यांदाच काकांचा राग आला. अगदी खराखुरा राग.

त्या वर्षी पावसाळ्यात काकूंचे गुडघे पार कामातून गेले. एक जिना चढायला त्यांना तीनदा थांबायला लागायचं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही बदलायला हवेत, आणि दिवाळीनंतरची तारीख दिली. मी भेटायला गेले तेव्हा काकू पलंगावर पाय पसरून बसलेल्या. म्हणाल्या, "ऑपरेशनाची भीती नाही गं वाटत. पण डॉक्टर म्हणतात, नंतर वर्षभर वाळूबिळूत चालायचं नाही, आणि पुढचंही बघून सांगू. म्हणजे झालंच की. हे गुडघे आहेत माझे, वाईट तर वाईट, एकदा यांच्यावरच चालले असते वाळूत." मग आतल्या खोलीकडं बघत जरा मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? दसऱ्यानंतर आणि दिवाळीच्या आधी. तेवढाच वेळ आहे."

आतून उत्तर आलं, "बघतोय. दोन जागा होल्डवर आहेत."

काकू भांडल्या नाहीत. त्यांनी बॅग भरली. दोन साड्या, टॉवेल, औषधांचा डबा, दोन पातळ चादरी. बॅग हॉलमध्ये दाराशी आणून ठेवली आणि मग तिला हात लावला नाही. म्हणजे टॉवेल लागला की काढायच्या, धुऊन वाळला की घडी करून पुन्हा बॅगेत. औषध घेतलं की डबा पुन्हा बॅगेत. बारा दिवस ती बॅग तिथं होती. येणारा जाणारा विचारायचा, "कुठं निघालात?" आणि काकू अगदी गोड हसून सांगायच्या, "समुद्रावर. ह्यांचं तपासून झालं की."

बाराव्या दिवशी काका माझ्याकडं वर आले. वही नव्हती. म्हणाले, "तुमची गाडी मोकळी आहे का शुक्रवारी? मी एक जागा पास केलीय." मी गॅस बंद केला. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण नाही, खरंच पास केलेली. चौसष्टच्या चौसष्ट उत्तरं पसंत होती. पायरी एकही नाही, कमोड उंच, भिंतीला धरायला दांडा, जेवण शाकाहारी, बादलीला कडी. गाडी थेट ओटीपर्यंत जाते. ओटीवरून समुद्र बावीस पावलांवर, मालकाची उंची पाच फूट सहा इंच. मालकानं न्हाणीघराचा व्हिडिओसुद्धा पाठवलेला. खाली काकूंनी देवापुढं साखर ठेवली आणि तीच साखर जिन्यातल्या सगळ्या घरांना वाटली.

नवऱ्याला रजा नव्हती म्हणून मी एकटीच गाडी घेऊन निघाले. काका पुढं, काकू मागं पाय लांब करून. शीळ रस्त्यावर काकांनी चाकांतली हवा तपासायला थांबवलं, पनवेलच्या पुढं पुन्हा एकदा. माणगाव सोडलं आणि काकू गुणगुणायला लागल्या. गाणं मला ओळखीचं वाटलं नाही, बहुतेक त्यांनाही पूर्ण येत नव्हतं.

पोचलो. घर अगदी जसं सांगितलेलं तसंच. एकही पायरी नाही, दांडा भक्कम, बादली निळी, कडी मजबूत. लाटांचा आवाज तर आपल्या अंगावरच येत होता. काकूंनी चहासुद्धा घेतला नाही. "आधी पाय भिजवून येते," म्हणाल्या. काकांनी त्यांचा हात धरला आणि पावलं मोजत चालायला लागले. मी मागून. एकोणीस, वीस. विसाव्या पावलाला पुढं जाता येईना. समोर दगड होते. काळे, माणसाच्या छातीएवढे, एकावर एक रचलेले, डावीकडं नजर पोचेल तिथपर्यंत आणि उजवीकडंही तसेच. त्यांच्या पलीकडं, दहा-बारा फूट खाली, पाणी थेट दगडांवर आपटत होतं. वाळू नावाला नव्हती.

मालक मागोमाग आलेला. साधा माणूस, खांद्यावर पंचा. काकांनी विचारलं, "वाळू कुठाय?"

"वाळू गेली ना काका. चार-पाच पावसाळे झाले. समुद्र आत यायला लागला, म्हणून हा बंधारा घातला. त्यानंच तर घर वाचलं आमचं."

"तुम्ही बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "बाकी सगळं विचारलंत. पावलं मोजून दिली मी. वाळू आहे का, हे नाही विचारलंत."

खरं सांगते, डोंबिवलीपासून माझ्या जिभेवर शंभर टोमणे तयार होते. काहीतरी चुकणार याची मला खात्री होती आणि चुकलं की काय काय बोलायचं तेही ठरलेलं. पण काकांचा चेहरा बघून एकही तोंडातून बाहेर पडला नाही. कारखान्यात त्या दिवशी ते असेच उभे असतील.

काकू मात्र लगेच म्हणाल्या, "किती छान आवाज येतो नाही? चला, ओटीवर बसून ऐकू." आणि वळल्या. संध्याकाळभर त्या खुर्चीत बसून होत्या आणि दर थोड्या वेळानं काहीतरी कौतुक करत होत्या. वारा छान आहे, मोदक छान झालेत, दांडा किती उपयोगाचा. काका मोदकाला हात न लावता बसलेले. कौतुक ऐकलं की ते आणखी आक्रसायचे.

सकाळी मी उठून बाहेर आले तर काका खोलीत नव्हते. बंधाऱ्यावर होते. सत्तरीचा माणूस एकेका दगडावर पेरानं टकटक करत, पाय ठेवून हलतो का बघत, वाट शोधत होता. सहा दगड उतरलेले, सातव्याला घसरले. मी ओरडत धावले. कोपर खरचटलेलं, पँट ओलीचिंब. मी हात दिला, वर घेतलं. "नाही जमायचं," म्हणाले. "हिला नाही उतरवता येणार इथून." कोपरातून रक्त येत होतं, तिकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

ओटीवर आले ते सरळ काकूंसमोर उभे राहिले. "माझं चुकलं," म्हणाले. "एवढं सगळं विचारलं आणि जे तुला पाहिजे तेच विचारायचं राहिलं."

काकू कापसाला हळद लावून कोपर धरून बसल्या.

मालक चहा घेऊन आलेला. त्यालाच राहवेना. चाचरत म्हणाला, "वाळू पाहिजे तर कोळीवाड्याच्या पलीकडं आहे थोडी. होड्या लागतात तिथं. पण काका, मी पाहुण्यांना पाठवत नाही तिकडं. बोंबील वाळत घातलेले असतात, वास असतो. जाळी पसरलेली, काटे. बसायला जागा नाही. तुमची गाडी त्या गल्लीत जायची नाही, रिक्षा कुठवर जाते तेही माहीत नाही. नंतर लोक माझ्यावर तक्रार करतात."

मी काकांकडं बघितलं. मालकानंही बघितलं. त्याच्या अंगावर चौसष्ट प्रश्न येणार म्हणून तो आधीच अर्धा वळलेला. वास किती लांबून येतो, काटे कसले, होड्या किती, रिक्षा परत येईल का.

काका काकूंना म्हणाले, "चल. असेल तसं असेल."

काकूंच्या हातातला कापूस तसाच राहिला. त्या चार-पाच क्षण त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. मग उठल्या, स्वतःच्या स्वतः उठल्या. दांडाही धरला नाही.

रिक्षा कोळीवाड्याच्या टोकापर्यंत गेली. वास खरंच होता, सांगितलेला त्याहून जास्त. दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील टांगलेले, मधून अरुंद वाट. काकांनी आयुष्यात कधी मासळी बाजारात पाय टाकलेला नाही. नाकाला रुमाल लावतील म्हणून मी बघत होते, पण रुमाल खिशातच राहिला. त्यांचा एक हात काकूंच्या दंडाला होता आणि दुसऱ्यात पाण्याची बाटली. मासळी उलटवत बसलेल्या एका कोळणीनं काकूंची चाल बघितली आणि हाक मारली, "इकरून ये गो आये, तिकरं काटं हान." ती उठली, एक जाळं बाजूला ओढलं आणि वाट करून दिली. पुढं दोन होड्यांच्या मधून वाळू सुरू होत होती. फार नाही, आमच्या सोसायटीच्या आवाराएवढी असेल. पण वाळू होती आणि ती थेट पाण्यात उतरत होती.

काकूंनी चपला काढल्या. काकांनी वाकून त्या उचलल्या. मी काकूंचा हात धरला आणि आम्ही दोघी चालायला लागलो. काकूंचं पाऊल वाळूत रुतायचं, गुडघा दुखला की त्या थांबायच्या, ओठ दाबायच्या आणि पुढचं टाकायच्या. पाणी घोट्याला लागलं तशी त्यांनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, दुखतंय. म्हटलं, परत फिरू या का?

"नको." त्या रडत होत्या आणि रडतच बोलल्या, "अगं, मला दुखत नाहीये. एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला. काही विचारल्याशिवाय हे मला आज पहिल्यांदा कुठं घेऊन आले. नाहीतर साधी भाजी आणायची तरी आधी चौकशी. मला बाई वाटायचं, माझ्यातही काही खोट दिसत असेल ह्यांना, मलाही हे होल्डवरच ठेवून बसलेत."

एक लाट आली, आमच्या दोघींच्या पोटऱ्या भिजवून गेली.

काका मागं कोरड्या वाळूत उभे होते, काकूंच्या चपला छातीशी धरून. त्यांना डोळ्यांतलं पाणी दिसलं असावं. घाबरून त्यांनी तिथूनच मला विचारलं, "काय म्हणतेय ती? काही तक्रार आहे का?"

मी म्हटलं, "तुम्हीच येऊन विचारा."

काका आले. पँट दुमडली नाही, बूट काढले नाहीत, चपला माझ्याकडं दिल्या नाहीत, तसेच पाण्यात शिरले. मी काकूंचा हात त्यांच्या हातात दिला आणि होड्यांपर्यंत मागं आले. लाटांच्या आवाजात त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. काकू नुसत्या नाही, नाही म्हणून मान हलवत होत्या आणि बराच वेळ हलवत होत्या.